तवंदीचा घाट मी उतरलोच नव्हतो

आफ्रिकेतल्या नोकरीसाठी निघालो तेव्हा बेळगावच्या स्टेशनावर अण्णानं माझी ट्रंक डब्यात चढवली आणि वर टिचकी मारली. आत कपड्यांच्या मधोमध चांदीचा मुलामा दिलेला कप होता, शहापुरी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. मी तो घरीच ठेवणार होतो. अण्णानंच तो कोंबला. "ने रं इठ्या. तुझं नाव हाय त्यावर. हितं ठिऊन काय, उंदरांनी वाचायचं?" आमचे वडील, आप्पा, दोन पावलं मागं उभे होते. आयुष्यभर मागावर बसलेला माणूस, उभं राहिलं की पाय कुठं ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही. गाडी हलली तेव्हा ते एवढंच बोलले, "कुनी इचारलं तर सांग, मागावरचं पोर हाय म्हणून. हात लपवू नगंस."

मी लपवले. इतकी वर्षं लपवले. म्हणून हे लिहितो आहे.

निमित्त तुमच्या पत्राचं, बापूसाहेब. आगबोटीनं महिनाभर फिरत ते इथं नैरोबीला पोचलं. साहेब लोक गाशा गुंडाळतायत, कॅम्पातली शेड आता आपल्या ताब्यात येईल, तेव्हा क्लबाच्या जुन्या मोटारसायकलवाल्यांचा मेळावा भरवायचा, असं तुम्ही लिहिलंत. सोबत तुमच्या आठवणींची चार पानं. वाचताना मलाही तो गाडीच्या कार्बाइडच्या दिव्याचा वास आला, काकतीच्या पुढचा पांढरा फुफाटा दिसला. तुमचे गुडघे दुखतात, क्लबातल्या डॉक्टरांना आता नीट दिसत नाही, फॉरेस्टवाले जाड झालेत, आणि तरी तुम्ही सगळे शेडबाहेर खुर्च्या टाकून कोण किती मैलांनी सुटला होता यावर भांडता. गंमत वाटली. मग तिसऱ्या पानावर आलो. "आमचे वडगावचे बी.ए. निपाणीची शर्यत जिंकले तो दिवस! त्यांच्यासोबत गाडी धरणारा एक हमाल असे, त्याच्या अंगाला एरंडेलाचा असा वास की आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहायचो." आणि शेवटी विनंती, की मी कप घेऊन यावं आणि चार शब्द बोलावेत.

तो हमाल म्हणजे अण्णा, माझा थोरला भाऊ. आता चार शब्द ऐकाच.

ती गाडी कुणाची होती? कॅम्पातल्या एका साहेबानं मोडीत टाकलेली, साडेतीन हॉर्सपॉवरची, साखळीऐवजी पट्ट्यावर चालणारी. अण्णानं ती बैलगाडीतून वडगावला आणली. चौथीत त्याला शाळेतून काढलं होतं. दोघांची फी झेपत नव्हती आणि मी हुशार ठरलो होतो. त्यानं माग सांभाळला आणि मी कोल्हापुरात कॉलेज केलं. आमच्या गल्लीतला पहिला बी.ए.! अभिमान आहेच मला, तो सोडणार नाही. पण त्या बी.ए.खाली कोण बसला होता तेही सांगतो.

इंजिन अण्णानं उघडलं, धुतलं, जोडलं. पट्टा मात्र कुजलेला. विलायतेहून मागवायची ऐपत नव्हती, तेव्हा त्यानं तो मागावर विणला. दोराएवढं जाड सूत पिळून, फणीचे असे दणके देत, की शेजारीण विचारायला आली, "लुगडं विणतायसा का भिंत बांधतायसा?" तयार पट्टा आप्पांनी हातात घेतला, वाकवून बघितला आणि म्हणाले, "खळ दिली न्हायस?" सुताला खळ दिल्याशिवाय आमच्या घरातून काही बाहेर पडत नसे. त्यांनी स्वतः कांजी शिजवून पट्ट्याला पाजली आणि उन्हात ताणून वाळवला. पट्टा काठीसारखा कडक झाला, बघणाऱ्याला वाटावं दुकानातला. आम्ही ऐटीत निघालो. काकतीपाशी भुरभुर आली, खळ भिजली, पट्टा शेवाळासारखा बुळबुळीत झाला आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. पाच मैल ढकलत आलो. आप्पा दारात उभे. अण्णा म्हणाला, "आप्पा, गाडीला पेज पाजलीसा, आता ती झोपली." दुसरा पट्टा त्यानं तीनपदरी विणला आणि राळ-मेण पाजलं. तो शेवटपर्यंत तुटला नाही.

मग क्लब. तुमचा छापील नियम तुम्ही विसरला असाल, मी नाही. बेळगाव ते निपाणी ही शर्यत हौशी लोकांची. हातावर पोट असणारा कारागीर, फिटर, ड्रायव्हर यांना प्रवेश नाही. साहेबांनी तो विलायतेतून आणला आणि तुम्ही वकील-डॉक्टरांनी तो मान डोलावून घेतला. त्यातलं साहेबांपेक्षा तुमचं मला जास्त लागलं. तुमची धोतरं आमच्याच पेठेतली होती. मी आणि अण्णा फॉर्म घ्यायला आलो तेव्हा तुम्ही त्याच्या नखांकडे पाहिलंत आणि मला म्हणालात, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात, तुमचं चालेल. याला गाडी पुसायला आणा हवं तर." आणि मी काय केलं? फॉर्मवर वडिलांचा धंदा या रकान्यात 'कापडाचे व्यापारी' असं लिहिलं. अण्णा शेजारी उभा राहून बघत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं याचं त्या क्षणी मला बरं वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, आता लिहितो.

शर्यतीआधी पंधरा दिवस सरावात मी घाटात पडलो. मनगट सुजलं. आठ दिवसांत ते उतरलं, पण भीती उतरली नाही. तवंदीच्या घाटातली ती उतरणीची वळणं डोळे मिटले की दिसायची. आदल्या दिवशी मी अण्णाला म्हणालो, नाव काढून घेतो. तो इंजिनात एरंडेल घालत होता. वर न बघता म्हणाला, "नाव ऱ्हाऊ दे. मी जातो."

शर्यतीच्या सकाळी त्याच्या अंगावर माझा कोट, माझा सात नंबर, कातडी टोपी, गॉगल, तोंडाला रुमाल. तुम्ही एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडत होता. त्यानंच मला मग सांगितलं, त्याच्या पाठीवर थाप मारून तुम्ही म्हणालात, "ऑल द बेस्ट, बी.ए.!" त्यानं नुसती मान हलवली. बोलला असता तर पहिल्याच शब्दाला वडगाव कळलं असतं.

मी आदल्या संध्याकाळीच सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो होतो आणि शेवटच्या रेषेच्या पुढं, एका तंबाखूच्या वखारीमागं उभा होतो. मी पाहिलं नाही, पण नंतर तुम्हीच सगळ्यांनी रंगवून सांगितलंत: सात नंबर घाटात ब्रेकला हात लावत नाही, वळणाच्या आधीच त्याला वळण कळतं. कळणारच. लुगड्यांचे गठ्ठे सायकलला बांधून तो दहा वर्षं त्या घाटातून निपाणीच्या बाजाराला जात होता. तुमच्या हौशी लोकांना तो रस्ता रविवारचा होता. त्याला तो रोजचा होता.

रेषा ओलांडून, ब्रेक लागत नाही असं दाखवत तो थेट वखारीमागं आला. कोट काढला, माझ्या अंगात चढवला. मी रस्त्यावरची धूळ ओंजळीनं तोंडाला फासली आणि गाडी घेऊन परत आलो. टाळ्या झाल्या, कप मिळाला. अण्णा चालत मागून आला, गर्दीत उभा राहिला. मोटारीनं मागोमाग पोचलेल्या तुम्ही त्याच्या हातात गाडीचं हँडल दिलंत, "ए, नीट धर, पडेल," आणि मला म्हणालात, "तुमच्या हमालाला चहा पाजा हो."

मी म्हणालो, "हो, साहेब."

भाऊ आहे, हे दोन शब्द होते. ते अडले, पण तोंडातल्या धुळीमुळं नव्हे. त्या कपाच्या जोरावर तुमच्यातल्या एकानं शिफारसपत्र दिलं, खेळाडू ग्रॅज्युएट म्हणून मला इथं नोकरी मिळाली, आणि तो परत मागावर बसला. त्या दिवशी निपाणीहून परतताना सगळी वाट तो हसत होता. "इठ्या, गालाला लावलीस, कपाळाला लावलीस, कानामागं धूळ लावली न्हायस की रं! येवढं शिकून!" एकालाही ते दिसलं नव्हतं. फक्त त्याला.

इथं नैरोबीत कारागिराला फुंडी म्हणतात. गाडी बंद पडली की साहेबसुद्धा रस्त्यात उभा राहून फुंडीची वाट बघतो. पण इथंही साहेबांचा क्लब आहे, त्यांच्या शर्यती आहेत, आणि दारावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी आहे. पहिल्या वर्षी मी माझा कप दाखवायला तिथं गेलो होतो. दारवानानं फाटकाच्या आतही घेतलं नाही. घरी येऊन रागानं कप ट्रंकेत आपटला. मग लक्षात आलं की हा राग करायचा हक्क मी निपाणीत गमावलाय.

तुमचं पत्र आल्यावर मी अण्णाला लिहिलं, की आता सगळं सांगतो. कप त्याच्याकडे पाठवून दिला, गावी निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. त्याचं उत्तर आलं, मोठ्या अक्षरात, चौथीपर्यंतच्या मराठीत. "कशाला उकरतोस. माझं काय बिघडलं. गाडी लई पळाली, ते मला म्हाईत हाय. कप चांगला खोल हाय, कांड्या मावतात." मागाशेजारी सुताच्या कांड्या ठेवायला घेतलाय त्यानं तो! मी हसलो आणि मग मुठीनं टेबल बडवलं. त्याचं बिघडलं नसेल, माझं बिघडलंय. त्यानं माफ केलं म्हणून तुम्हीही सुटलात असं समजू नका, आणि मीही सुटलेलो नाही.

मी येतोय. बेळगावला उतरून पहिल्यांदा कॅम्पात येणार नाही. इतकी वर्षं घर म्हटलं की मला कौलं, गल्ली, मागाचा खडखडाट आठवायचा. आता घर म्हणजे एकच गोष्ट उरली आहे: मला जवळ घेऊन कानामागं बघणारा माणूस. तिकडं आधी जाईन, आणि त्याच्या तोंडावर सांगेन, की फॉर्मात मी काय लिहिलं होतं.

मेळाव्यात कप मांडायचा असेल, नोंदवहीत सात नंबरापुढचं माझं नाव खोडून अण्णाचं खरं नाव, रामचंद्र, लिहायचं असेल, तर वहीच घेऊन वडगावला या. चपला बाहेर काढा. कांड्या बाजूला काढून ठेवायची परवानगी त्याच्याकडे मागा. आमचा माग खड्ड्यातला आहे, बापूसाहेब. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. गुडघे दुखतात म्हणता, ठाऊक आहे. पण त्याच्याशी बोलायचं तर वाकावं लागतं.