मी मध्येच तोडलेला हाल

आमच्या घरात मी काही सांगायला लागलो की मुलगी म्हणते, "बाबा, शॉर्टमध्ये!" आणि बायको तिला म्हणते, "यांचं शॉर्ट म्हणजे भात गार होईपर्यंत." मी चिडत नाही. खरं सांगायचं तर लहानपणापासून मी घायकुतीला येणारा माणूस. समोरचा बोलत असताना "पुढे काय, पुढे काय" असं करायचो. गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि ऐकायची सवय मला खूप उशिरा लागली, आखातात, कुवेतच्या सीमेलगतच्या अल खफजीला, आणि ती फुकट लागली नाही.

मी तिथे एका छोट्या कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होतो. रत्नागिरीकडची आम्ही तीन-चार डोकी होतो, बाकीची नव्वद साली शेजारचं कुवेत पडल्याची बातमी येताच एकेक करून दक्षिणेला दम्मामला सरकली. मी राहिलो. शूर होतो म्हणून नाही, स्टोअरची किल्ली माझ्याकडे होती म्हणून. कॅम्पात उरले सिंधी गवंडी, सगळे सिंधू नदीच्या काठच्या एकाच गावचे. नदीला ते नदी म्हणत नसत, दरया म्हणत. बांध आणि पाणी यांच्या मधल्या जमिनीला कच्चो. दरवर्षी पूर येतो, घरं नेतो, गाळ टाकून जातो, त्या गाळात हे गहू पेरतात आणि पुन्हा घर बांधतात. "म्हणून आमच्याकडे सगळेच गवंडी," त्यांचे उस्ताद म्हणायचे. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा शांत माणूस. मला 'अदा' म्हणजे भाऊ म्हणायचे, आणि मी त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा असूनही चारचौघांत मान द्यायचे.

या लोकांची एक रीत होती. बाहेरून कोणी आलं की आधी पाणी, मग उस्ताद म्हणणार, "साईं, हाल दे." मग आलेल्याने निघाल्यापासूनचं सगळं क्रमाने सांगायचं. कुठून निघालो, कोण भेटलं, वाटेत काय पाहिलं. सुरुवातीला 'सगळं खैर' म्हणायचं, आणि काही वाईट असेल तर ते शेवटी. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. तीनशे पावलांवरच्या साइटवरून डबा घेऊन आलेला माणूससुद्धा हाल द्यायचा. मी स्टोअरच्या दारात उभा राहून म्हणायचो, "उस्ताद, ह्यात लघवीला किती वेळा थांबला तेही येऊ द्या." ते हसायचे. हाल मात्र पूर्ण व्हायचा.

थंडीचे दिवस आले तसं शहर रिकामं होत गेलं. दुकानांची शटरं एकेक करून खाली आली. बेकरी बंद झाली, तेव्हा तिच्या मांजरी आमच्या कॅम्पात आल्या. हायवेवरून दिवसभर लष्कराचे ट्रक उत्तरेला जात. उत्तरेहून काहीच येत नसे. विषारी वायूची अफवा उठली तेव्हा मी स्टोअरमधले सिमेंटच्या धुळीचे कापडी मास्क वाटले आणि प्रत्येकाची रजिस्टरवर सही घेतली. उस्ताद मास्क उलटसुलट करून बघत म्हणाले, "अदा, वापरून झाल्यावर परत जमा करायचा का?"

शेवटी एका पहाटे रेडिओने सांगितलं की युद्ध सुरू झालं. कफील, म्हणजे आमचा अरब मालक, आधीच दम्मामला होता. त्याने फोनवर दोनच शब्द सांगितले, "यल्ला, निघा." पासपोर्ट त्याने आठवड्यापूर्वी आणून दिले होते, तेवढा तो भला माणूस. अडचण एवढीच, की कॅम्पची एकुलती एक पिकअप उस्तादांचा धाकटा भाऊ घेऊन आमच्या पश्चिमेच्या साइटवर, पंपस्टेशनवर गेला होता. तिथलं सामान आणायला. तिथला म्हातारा आचारी, ज्याला सगळे चाचा म्हणत, तो मागच्या शुक्रवारीच बसने दम्मामला गेला असं आम्हाला माहीत होतं. तेव्हा भाऊ एकटाच यायचा होता.

नऊ वाजून गेले. चार गवंडी गाठोड्यांवर बसलेले. उत्तरेकडे कोणी लांबवर कपाट ढकलावं तसा आवाज यायचा आणि पत्र्याची भिंत थरथरायची. मी घड्याळ बघून बघून त्याची काच पुसून टाकली.

भाऊ आला. धुळीने पांढरा. उतरला, पाणी प्यायला, आणि उस्ताद म्हणाले, "हाल दे."

"सगळं खैर आहे, अदा. सकाळच्या नमाजानंतर निघालो. पंपस्टेशनचं दार बंद केलं, कुलूप घातलं. वाटेत लष्करवाल्यांनी थांबवलं, एक होता त्याने चहा दिला..."

"चहा?" मी ओरडलो. "इथे मरायची वेळ आली आणि हा चहा सांगतोय! खलास! उरलेला हाल दम्मामला. चला, बसा गाडीत!"

भावाने पाण्याचा पेला खाली ठेवला. त्याने उस्तादांकडे पाहिलं. माझ्या मानासाठी असेल, किंवा माझा आवाज फाटला होता त्याची कीव म्हणून असेल, उस्तादांनी मान हलवली. म्हणजे नंतर.

भाऊ थकलेला म्हणून गाडी मी घेतली. उस्ताद माझ्या शेजारी, बाकीचे मागे उघड्यावर. कॅम्पातून हायवेला जायची नेहमीची वाट उत्तरेच्या नाक्यावर, पेट्रोल पंपाशी निघायची. तिकडे लष्कराची गर्दी असणार म्हणून मी अक्कल चालवली आणि मागची कच्ची वाट धरली. ती बरीच दक्षिणेला हायवेला लागते. वळल्याबरोबर मागून भावाचं ओरडणं आलं आणि टपावर धाडधाड थापा पडू लागल्या.

"काय म्हणतोय?" उस्तादांनी विचारलं.

"जोरात हाण म्हणतोय," मी म्हणालो आणि हाणली.

हायवेला लागून दहा-बारा किलोमीटर झाले तेव्हा भाऊ अर्धा बाहेर लोंबकळून माझ्या खिडकीच्या काचेवर हात आपटू लागला. मी थांबलो. तो उतरला तेव्हा ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता.

"चाचा," तो म्हणाला. "चाचा नाक्यावर आहे."

चाचा बसने गेलाच नव्हता. बसवाल्याने त्याची ट्रंक घेतली नाही म्हणून परत पंपस्टेशनला आला होता. त्याचा गुडघा सुजलेला. नाक्यापासून कॅम्पपर्यंतचे खड्डे सोसवेनात, म्हणून भावाने त्याला पेट्रोल पंपाशी उतरवलं. आपण याच वाटेने परत येऊ, तेव्हा घेऊ, असं सांगून.

"आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"येतच होतो तिथपर्यंत," तो म्हणाला. "चहानंतर तेच होतं."

मी दक्षिणेकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. म्हणालो, लष्करवाले घेतील त्याला, म्हाताऱ्या माणसाला कोण सोडेल. स्वतःचाच आवाज मला एखाद्या ऑफिसातल्या कारकुनासारखा वाटला.

उस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "अदा," ते म्हणाले, "आमच्याकडे पुरात वरच्या गावाहून माणूस येतो. कोणाची भिंत पडली, कोणाची म्हैस गेली, सगळं सांगतो. त्यात आपलं नाव कधी येईल ते ठाऊक नसतं. म्हणून ऐकायचं असतं." मग म्हणाले, "गाडी फिरव."

फिरवली. उत्तरेला जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत आमची मोडकी पिकअप. आता समोर आकाशात काळा धूर उभा होता, तेलाच्या टाक्यांच्या बाजूला, जाड आणि सरळ. 

पेट्रोल पंप बंद होता. चाचा नव्हता. एका सैनिकाने हाताने दाखवलं, तिकडे गेला, कॅम्पच्या वाटेने. सगळे दक्षिणेला पळत असताना तो उत्तरेच्या नाक्यावरून आत, आमच्याकडे चालत गेला होता.

दीड किलोमीटरवर दिसला. डोक्यावर ट्रंक, एक पाय ओढत. आमचा हॉर्न ऐकून वळला, ट्रंक खाली ठेवली आणि उस्तादांना म्हणाला, "गाडी आली नाही. म्हटलं, तुम्हाला काही झालं असेल. बघायला येत होतो."

तेवढ्यात जमीन हलली. आवाज त्यानंतर आला. कॅम्पच्या पलीकडे कुठेतरी धूळ उठली. भावाने ट्रंक मागे फेकली, आम्ही चाचाला पुढे, उस्तादांच्या आणि माझ्या मध्ये बसवलं. त्याचा सुजलेला गुडघा बरोबर गिअरच्या दांडीशी आला. दुसरा आणि चौथा टाकायचा तर दांडी मागे ओढून त्या गुडघ्यात ढोसावी लागणार. पहिल्यावरून थेट तिसरा टाकला, इंजिन रडलं, आणि तिसऱ्यातच नाका ओलांडून हायवेला लागलो. पुढे मात्र हात दांडीवर नुसता राहिला.

"चौथा टाक," उस्ताद म्हणाले.

मी चाचाच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"टाक ना, बाबा," चाचा म्हणाला. "दुखणारा मी आहे. तू का तोंड वाकडं करतोस?"

मी दांडी ओढली. तो कण्हला, त्याने माझ्या दंडाला घट्ट धरलं, आणि दम्मामपर्यंत ती बोटं काही सुटली नाहीत.