दाबा, सोडा, पुढे घ्या

सदर इसम वय वर्षे चोपन्न, उंची मध्यम, बांधा किंचित पुढे झुकलेला, चष्मा वाचण्यापुरता. हुद्दा : वाहन तपासनीस (ब्रेक). कामाचे ठिकाण : वाहन तपासणी केंद्र, मार्गिका क्रमांक दोन. वर्तणूक समाधानकारक. व्यसन नाही. ब्रेकच्या बाबतीत सदर इसमाकडून आजवर कोणतीही कसूर झाल्याचे आढळून आलेले नाही.

हे वर्णन केंद्रप्रमुखांनी त्याच्या बढतीसाठी लिहिलं होतं. बढती आली नाही, वर्णन फायलीत राहिलं. तपासनीसाला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला अंगात थोडी उसंत लागते.

मार्गिका दोनमध्ये जमिनीत दोन जाडजूड रोलर बसवले होते. गाडीची चाकं त्यांवर आली की रोलर फिरत, चाकं फिरत आणि गाडी जागच्या जागी राही. तपासनीस खिडकीशी वाकून म्हणे, "दाबा." चालवणारा ब्रेक दाबी, भिंतीवरचा काटा चढे. "सोडा." काटा उतरे. "पुढे घ्या." मागची गाडी येई. दिवसभर हेच. बायको सांगायची की तो झोपेतही "दाबा" म्हणतो. झोपेत हुकूम सोडतो आणि जागेपणी घरात कुणी ऐकत नाही, अशी तिची पुरवणी असे.

अशा माणसाला मोकळ्या रविवारी गाढ झोप काढायची हौस असावी, असं कुणालाही वाटेल. याला हौस होती ट्रॅकची. शहराबाहेर रेसचा एक ट्रॅक होता आणि शर्यती नसतील त्या काही रविवारी कुणालाही आपली रोजची गाडी घेऊन तिथे फेऱ्या मारता येत. बाकीचे लोक जमिनीला पोट टेकलेल्या गाड्या आणत. तपासनीस घरची चार दारांची, मागच्या काचेला 'रुग्णसेवा'ची चिठ्ठी चिकटवलेली गाडी नेई. सरळ रस्त्यावर त्याला सगळे मागे टाकत आणि तो हात बाहेर काढून त्यांना सभ्यपणे वाट देई. त्याला सरळ रस्त्याशी देणंघेणं नव्हतंच. तो जाई वळणाआधीच्या त्या एका तुकड्यासाठी, जिथे भरधाव गाडीचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं, पट्टा छातीत रुततो आणि गाडी खरोखर थांबायला लागते. आयुष्यभर उभ्या गाड्यांचे ब्रेक तपासलेल्या माणसाला चालत्या गाडीचा ब्रेक लागतो तेव्हा काय वाटतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

अडचण एवढीच की गाडी त्याची नव्हती. कागदावर होती, पण कागदाचं काय. बायको घरोघर जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणारी परिचारिका. सकाळी उजाडता उजाडता तिची पहिली इंजेक्शनं सुरू होत. सोमवार ते शनिवार गाडी तिची. ट्रॅकवर जाताना डिकीतली पट्ट्यांची पेटी, घड्या घातलेल्या चादरी आणि तिच्या सासूची काठी तिसऱ्या मजल्यावर वाहून न्यायची आणि संध्याकाळी परत खाली आणायची. तिने ट्रॅकला कधी नाही म्हटलं नाही. तिची अट एकच होती : सोमवारी सकाळी गाडी जशी होती तशी मिळाली पाहिजे.

आणि घोडं अडत होतं ते ब्रेक पॅडवर. साध्या पॅडला रस्त्यावर नावं ठेवायला जागा नव्हती. थंडगार असतानाही चटकन धरत, आवाज नाही, तक्रार नाही. पण ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापून ते हात टेकत. जळका वास येई आणि पेडल दाबून दाबून पायाला घाम फुटे तरी गाडी ढिम्म ऐकत नसे. ट्रॅकचे पॅड बरोबर उलटे. तापले की सोनं, थंड असताना दगड. एकदा आळसाने त्याने ते आठवडाभर तसेच ठेवले होते. गाडी प्रत्येक चौकात अशी किंचाळली की रुग्ण घंटी वाजायच्या आधीच बाही वर करून बसू लागले. शिवाय एका सकाळी ती थांबण्याच्या पट्टीवर थांबायची ती पट्टी ओलांडून थांबली. त्या संध्याकाळी बायकोने जेवण वाढलं आणि गाडीची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

तेव्हापासून दोन जोड. शनिवारी संध्याकाळी ट्रॅकचे घालायचे, रविवारी संध्याकाळी साधे. जॅक लाव, चाक काढ, जुने पॅड उपस, ब्रेकचा दट्ट्या मागे रेटून नव्या पॅडला जागा कर, चाक चढव. मग दुसऱ्या बाजूला तेच. दट्ट्या मागे रेटला की पॅड आणि चाकाची चकती यांच्यात फट राहते, आणि पहिल्यांदा दाबलेलं पेडल पोकळ, थेट तळाला जातं. म्हणून शेवटी गाडीत बसून पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. हे तपासनीसाला माहीत नव्हतं असं म्हणणं म्हणजे माशाला पाणी माहीत नव्हतं म्हणण्यासारखं आहे. तो दर वेळी दाबायचा. पण काळ्या हातांनी आणि काळ्या पँटने सीटवर बसायचा, आणि सोमवारी बायकोच्या पांढऱ्या गणवेशावर त्याची मोहर उमटायची. ती एकदा बोलली, दोनदा बोलली. तिसऱ्यांदा तिने गणवेश त्याच्यासमोर बादलीत टाकला. मग त्याने क्रम बदलला : आधी वर जाऊन हात धुवायचे, कपडे बदलायचे, मग स्वच्छ होऊन खाली येऊन पेडल दाबायचं. सगळ्यांचं समाधान झालं. जगातले पुष्कळ घोळ सगळ्यांच्या समाधानातूनच निघतात.

त्या रविवारी तो ट्रॅकवरून आला तो पार आंबून. पॅड बदलले, चाकं चढवली, वर आला, हात धुतले. नखांतली काजळी निघता निघेना. कपडे बदलले आणि मोजे घालायला म्हणून सोफ्यावर टेकला. एक मोजा घातला. दुसरा हातात राहिला. बायकोने त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि दिवा मालवला.

सकाळी त्याची आई मागच्या सीटवर होती. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडून सून पुढे कामाला जाणार होती. इमारतीमागून फाटकाकडे यायला उतार होता. सुनेने गाडी सोडली, फाटकाशी ब्रेक दाबला आणि पेडल गालिच्यात बुडावं तसं खाली गेलं. तिने हातब्रेक खेचला. रोज सुया टोचणारा हात, दचकला नाही. गाडी कचऱ्याच्या डब्याला धडकून थांबली, एका दिव्याची काच फुटली, डबा आडवा झाला.

मागून म्हातारी म्हणाली, "अगं, एवढी घाई होती तर मला राहू द्यायचं की घरी."

डब्याच्या आवाजाने तपासनीस जागा झाला आणि त्याला काही विचारावं लागलं नाही. एका पायात मोजा घालून तो तीन मजले उतरला. बायको गाडीतून उतरून काचेचे तुकडे बुटाने एका बाजूला सारत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुम्ही दिवसभर लोकांना काय सांगता?"

"दाबा म्हणून," तो म्हणाला.

"मी दाबला," ती म्हणाली.

त्याने गाडीत बसून पेडल दाबलं. पोकळ, मग अर्धं, मग घट्ट. आता ते इतकं घट्ट होतं की त्याला त्याचा राग आला. बायकोने त्याच्याकडून किल्ली घेतली, सासूला नीट बसवलं आणि एकाच दिव्याची गाडी घेऊन ती कामावर गेली. संध्याकाळी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. तिने काच बदलायला सांगितलं आणि भाजी वाढली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मोरीच्या खिडकीतून त्याने पाहिलं. गाडी अजून उभीच होती आणि मागची भिंत लाल झाली, विझली. लाल झाली, विझली. पुन्हा लाल. ब्रेकचे दिवे. ती निघण्याआधी पेडल दाबून बघत होती. त्याच्या पुढ्यात हजारो लोकांनी ब्रेक दाबला होता, पण त्याच्यावर विश्वास नाही म्हणून कुणी दाबला नव्हता.

महिनाभर रोज भिंत लाल होत राहिली. त्याने ट्रॅकचा पुढचा रविवार बुडवला. सोडून द्यावं, असंही मनात आलं. पण सोडून दिलं तर उरत काय होतं, मार्गिका दोन. शेवटी तो सुट्या भागांच्या दुकानात गेला.

दुकानदाराला सगळे डबलचष्मा म्हणत. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि कुठल्यातून काय दिसतं ते त्यालाही ठरवता येत नसे. तपासनीसाने सांगितलं की एकच जोड हवा, रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही, बदलाबदली नको. डबलचष्मा हसला नाही, पण त्याने खुर्ची पुढे सरकवली. दुखण्याची बातमी सांगताना डॉक्टर सरकवतात तशी.

"दोन्ही डगरींवर हात, साहेब?"

"हो."

"असा पॅड निघतो. पण तो दोन्हीकडे थोडा थोडा नडतो. रस्त्यावर कधी चुकूनमाकून कुरकुरेल. चाकं काळी करेल. ट्रॅकवर सहाव्या-सातव्या फेरीला दमेल. घरचा जावई समजा. चांगला आहे, पण कुणालाच पुरता पसंत नाही."

"थंड असताना धरतो का?"

"धरतो."

"पहिल्या दाबाला? हिवाळ्यात, उजाडायच्या वेळी?"

डबलचष्म्याने चष्म्यांची अदलाबदल करून त्याच्याकडे पाहिलं. ट्रॅकचे शौकीन येत ते पॅड किती तापल्यावर टिकतो हे विचारत. पहाटेच्या थंडीची चौकशी करणारा हा पहिलाच होता. त्याने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग स्वतःच्या मेहुणीच्या गाडीला हेच पॅड आहेत असं सांगितलं. तपासनीसाला खोक्यापेक्षा मेहुणी जास्त पटली.

नवे पॅड घातल्यावर चकतीवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात दाबून वेग उतरवायचा, पण पुरतं थांबायचं नाही. असं बरेचदा करून मग गाडी चालती ठेवून थंड होऊ द्यायची. हे काम तो नेहमी एकट्याने करी. या वेळी त्याने बायकोला विचारलं, तू चालवशील का. ती खूप वेळ ओट्यावरचा डाग पुसत राहिली. मग म्हणाली, "आईंनाही घेऊ. घरात बसून कंटाळल्यात."

गोदामांच्या मागचा रस्ता सुट्टीच्या दुपारी ओस होता. ती चालवत होती, तो शेजारी, म्हातारी मागे काठी गुडघ्यांत धरून. वेग आला. त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "दाबा."

तिने दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, पट्टा छातीत रुतला.

"सोडा. पुढे घ्या."

"घेते, साहेब," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवरा पहिल्यांदाच अहोजाहो करतोय, हे तिने सासूला आरशातून सांगितलं. म्हातारी म्हणाली की याचा बाप मात्र असा नव्हता, मेला तरी अरेतुरेच करत मेला. पुन्हा वेग, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. गाडीत जळका वास भरला. म्हातारीने दोनदा विचारलं की आपण नक्की कुठे निघालोय, कारण मगाचंच गोदाम परत परत येतंय. शेवटी त्याने बायकोला आता थांबू नकोस, सावकाश चालव म्हणून सांगितलं, आणि तिघं पॅड थंड होईपर्यंत फिरत राहिले. त्याला वाटलं, बसलं सगळं. पॅड म्हणायचे तर पॅड.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी डबलचष्मा खरा ठरला. सहाव्या फेरीला पेडल लांबू लागलं, सातव्या फेरीआधी तो बाहेर आला. पूर्वी तो सगळ्यांत सावकाश होता. आता तो सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत आधी परतणारा झाला. कठड्याशी बसून त्याने इतरांची वळणं पाहिली, चाकांतून येणाऱ्या धगीवर हात धरून. पण संध्याकाळी घरी आल्यावर करायला काहीच नव्हतं. जॅक नाही, चाक नाही, काजळी नाही. पेटी, चादरी आणि काठी डिकीत ठेवली, वर गेला आणि दोन्ही मोजे घालून पलंगावर झोपला.

सोमवारी त्याने तिला दारातच सांगितलं. आता पॅड बदलत नाही. दट्ट्या मागे रेटला जात नाही. पेडल पोकळ जायचं कारणच उरलेलं नाही.

"माहितीये," ती म्हणाली आणि किल्ली उचलून खाली गेली. तो मोरीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

वर्षाअखेर सदर वाहन नियमानुसार तपासणीसाठी मार्गिका क्रमांक दोनमध्ये आणण्यात आले. हितसंबंध असल्याने सदर इसमास चाचणीपासून दूर ठेवण्यात येऊन ती सहकाऱ्याकरवी करण्यात आली. पुढील ब्रेक : उत्तम. मागील ब्रेक : समाधानकारक. पेडल : घट्ट, पहिल्या दाबास प्रतिसाद पूर्ण. सदर वाहनाच्या ब्रेकविषयी शंका घेण्यास कोणतेही कारण आढळून आले नाही.

भिंत अजूनही रोज सकाळी लाल होते.