कंसात कोण राहिलं?

देवीची लस टोचणारा आला की आमच्या गावातली पोरं गायब व्हायची. कोणी तणसाच्या ढिगात, कोणी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीमागं. त्या साली शेजारच्या गावात माता निघाली होती, देवीच्या रोगानं लेकरं दगावली होती, तरी बायांना भेव सुईचंच. एका पोराचा टोचलेला दंड पिकलेला मायनं पाहिला होता. ती धाकटीला घेऊन धानाच्या ढोलीमागं दडली, तिच्या तोंडावर हात दाबून. बाबांनी अन् मी मुकाट्यानं दंड पुढं केले.

"घरात आणखी कोणी?" टोचणाऱ्यानं विचारलं.

"नाही जी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं केलं. ५(अ + ब + क). मी लिहिलं, ५अ + ब + क. छडी टेबलावर आपटली.

"पाच कंसाच्या दारात आला, पहिल्याला गुणलं अन् चालला? आतल्या एकेकाला गुणावं लागते! हे दोघं कायले सोडले? घरात लपून बसले होते का?"

वर्ग खदखदून हसला. अगं बाई, यांना कळलं की काय! त्यांना कुठलं कळायला? पण मला कळलं. एका कंसात असले म्हणून पहिल्याला मिळालेलं बाकीच्यांना आपोआप लागत नाही. तळहातावर छडी बसली, ती मला जाणवलीसुद्धा नाही. धाकटी मरेल, एवढंच डोक्यात.

मधल्या सुट्टीत धावत घर गाठलं. "माय, धाकटी मरून जाईल!"

मायनं फाडकन थोबाडीत दिली. "अभद्र कायले बोलून राहिली? तुमा दोघायले टोचलं, घर राखलं नं?"

"मला टोचलेलं तिच्या कामाचं नाही वो, माय!" मी रडत ओरडले.

मायनं धाकटीला कडेवर घेतलं अन् ती चावडीकडं निघाली.

टोचणारा रात्री गावातच मुक्कामाला होता, आता निघायला चावडीसमोर बैल जुंपत होता. धाकटीनं गाव डोक्यावर घेतलं, पण टोचून झालं. माय घाईघाईनं वळली अन् मला फळा आठवला. गुरुजी तर 'दोघं' म्हणाले होते.

मी पदर धरला. "माय, ढोलीमागं तूही होतीस."

मायच्या तोंडचं पाणी पळालं. आतापर्यंत मी समजत होते, ती भिते धाकटीसाठी. ती टोचणाऱ्यासमोर बसली, दंड उघडा केला, डोळे गच्च मिटले.

"मले लय भेव लागून राहिलं वो, पोरी," ती म्हणाली. "हात धर."