मुळशीला, कारळ्याची चटणी ओळखायला

बावधनच्या रविवारच्या बाजारात मी सुनंदाताईंकडून कारळ्याची चटणी घेते. मी खाद्यपदार्थांच्या चवीच्या चाचण्या घेते, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या घरचं भांडान मिटवा." मुळशी धरणाच्या रस्त्यावर त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. चटणी उखळात कुटतात त्यांच्या थोरल्या जाऊबाई, आक्का. आक्कांचा खांदा दुखतो म्हणून सुनंदाताईंनी मिक्सर आणला आणि "कुणाला कळतंय" असं म्हणाल्या. तेव्हापासून आक्का टपरीवर येत नव्हत्या.

शनिवारी सकाळी लवकर निघाले. भूगावची गर्दी टाळायची तर तुम्हीही लवकरच निघा. भुकूमच्या पुढे रस्ता मोकळा होतो. पेट्रोल पौडला भरा आणि मिसळही तिथेच खा. मी खाल्ली नाही. चाचणीच्या दिवशी तिखट चालत नाही. शेजारच्या टेबलावरची बघितली.

टपरीमागच्या खोलीत मी खिडकी झाकून गणपतीच्या माळेतला लाल बल्ब लावला, म्हणजे रंगावरून चटणी ओळखता येत नाही. प्रत्येकासमोर तीन वाट्या: दोन एकसारख्या, एक वेगळी. वेगळी ओळखायची. मध्ये पाणी आणि कोरी भाकरी. अंदाजाने सांगितलं तरी तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून माणसं बरीच लागतात. धरण बघायला आलेले पर्यटक फुकट भाकरी म्हटल्यावर रांगेत उभे राहिले. वाट्यांवर नावांऐवजी आकडे होते. हिंजवडीच्या एका गृहस्थांनी सर्वांत मोठ्या आकड्याची वाटी बेस्ट असं जाहीर केलं, तेही चाखायच्या आधी.

शेवटी आक्का आल्या. तिन्ही वाट्या चाखून त्यांनी एक पुढे सरकवली. बरोबर होती.

सवयीने मी प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारला होता: कोणती जास्त आवडली?

दुपारी दोघींना निकाल सांगितला. "फरक बहुतेकांना कळला. पण आवडली जास्त जणांना मिक्सरची."

आवडीत सुनंदाताई जिंकल्या होत्या, पण खाली बघत राहिल्या. आक्कांनी विचारलं, "येगळी हाय, ह्ये कळलं ना लोकांना?"

"हो."

"मग झालं. ही म्हणत हुती, कुणाला कळतच न्हाई."

सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं. आक्का, घरच्यापुरती तुमीच कुटा."

"घरी तू बी खातीस ना? मग तू कूट. माझा खांदा दुखतुया."

आणि परातीत पीठ घेऊन त्या भाकऱ्या थापायला बसल्या. सुनंदाताईंनी चुलीतली लाकडं पुढे सारली. त्या दिवशी तिथली गरम भाकरी मी चाचणी संपल्यावर खाल्ली. पिठलं आवर्जून मागा.

परतताना चांदणी चौकात अडकले, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचा विचार करत होते. तो मला कुणी विचारायला सांगितलाच नव्हता. भांडण फरक कळतो की नाही, एवढ्यावरच होतं. माझ्या त्या प्रश्नामुळे टपरीवर आता मिक्सरची चटणी आहे. आक्कांचा खांदा वाचला आणि त्या रोज येतात, असं सुनंदाताई सांगतात. म्हणजे निकाल चांगलाच लागला.

त्यांनी मला दोन्ही चटण्यांच्या पुड्या दिल्या होत्या. उखळातली कधीच संपली. मिक्सरची चांगली आहे. अजून आहे.