भिंतीपलीकडची अहिराणी

रविवारी जेवण झालं की मी आतल्या खोलीत आडवा होतो आणि भिंतीपलीकडे आई सटाण्याच्या मावशीला फोन लावते. खाली गंगापूर रोडची रहदारी त्या वेळी पातळ झालेली असते. पंख्याच्या घरघरीतून मला अहिराणी ऐकू येते. वाक्याच्या शेवटी 'आहे'च्या जागी 'शे' हलकेच टेकतं, विहिरीच्या काठावर भरलेला हंडा टेकावा तसं. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पट्ट्यात मला सगळं कळतं: कुणाच्या कांद्याला चाळीतच कोंब फुटले, कुणाची सून माहेरी जाऊन बसली. पूर्ण जाग आली की अर्थ विरतो आणि नुसता सूर कानात राहतो.

मला भाषांचं वेड आहे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता मी बंगाली लिपी गिरवली, उर्दू वाचायला शिकलो, आता मोबाइलवर जर्मन शिकतो. टेबलाच्या खणात अकरा वह्या आहेत. एकही भाषा धड येत नाही, पण नवी वही उघडली की अनोळखी गावात पहाटे एसटीतून उतरल्यासारखं वाटतं. अजून कन्नड शिकायची आहे, फारसी शिकायची आहे. नोकरीतून सुटलो की तेच करणार आहे. बायको म्हणते, "सात भाषांत आभार मानता येतात तुम्हाला. घरात एकीतही ऐकले नाहीत मी."

या अकरा वह्यांत अहिराणीची वही नाही. त्याचं कारण मी बायकोलाही सांगितलेलं नाही, कारण गोष्ट आमच्या लग्नातली आहे.

हळदीचा दिवस होता. आमच्याकडे हळद जात्यावर दळतात आणि दळताना बायका अहिराणी गाणी म्हणतात. आई आणि मावशी जात्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. मावशीने पहिली ओळ उचलली, आईने ती पुढे नेली. तेवढ्यात मुलीकडची चार माणसं दारात आली. शहरातली, शिकलेली. मी पटकन जात्याजवळ गेलो आणि वाकून म्हणालो, "आई, गाणी राहू दे आता. ते लोक आलेत."

मावशी चिडली. "आते मुकं दळानं का वं?" तिने आईला विचारलं.

आई मला "बरं" एवढंच म्हणाली. नंतर हळद दळून होईपर्यंत फक्त जात्याची घरघर येत होती.

त्या दिवसापासून आई माझ्याशी जपून, नीट 'आहे' आणि 'नाही' म्हणत बोलू लागली. जणू मी तालुक्याच्या कचेरीतला कुणी आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरं वाटलं होतं. आई सुधारली, असं मी मनात म्हणालो होतो.

वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. यंदा मी बारावी वही आणली आणि एका संध्याकाळी तिच्यासमोर पेन उघडून बसलो.

"आई, पाऊस पडतोय, हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात?"

"पाऊस पडतोय," ती म्हणाली.

"असं नाही गं. अहिराणीत."

तिने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "आमची कुठली भाषा, बाबा. तू शिकलेला माणूस. लिहून ठेवण्यासारखं काय आहे तिच्यात?"

मला वाटलं होतं, भाषा अशीच शिकतात, वही घेऊन आणि शब्द विचारून. पण जे मी तिच्याकडून बंद करून घेतलं होतं, तेच आता तिच्याकडे मागत होतो, आणि तेही पेन हातात धरून.

गेल्या रविवारी दुपारी पुन्हा तो सूर आला. अर्धवट झोपेत मला जात्याजवळची ती पहिली ओळ ऐकू आल्यासारखी वाटली. खरी की स्वप्नातली, ठाऊक नाही. मी उठलो आणि तसाच तिच्या खोलीत गेलो. ती खाटेवर बसली होती, फोन समोर उशीवर, स्पीकर चालू.

लहानपणी मी तिला माय म्हणायचो. नाशिकच्या शाळेत आल्यावर तिची आई झाली आणि तिची बोली माझ्यापासून सुटत गेली. दारात उभं राहून मी म्हणालो, "माय, मनी चूक व्हयनी. हळदना दिन."

माझी चूक झाली, त्या हळदीच्या दिवशी, एवढंच जमलं; पुढचे शब्द सापडेनात.

"कोन शे वं?" फोनमधून मावशीने विचारलं.

"मना आंडोर शे," आई म्हणाली. माझा मुलगा आहे.

"माय वं! नाशिकना साहेब? इतला दिन कोठे व्हता रे?"

आईने पाय जवळ घेतले आणि खाटेवर जागा केली.

"बठ आठे," ती मला म्हणाली.

मी बसलो. त्या दोघी पुन्हा कांद्यावर आल्या. जागेपणी मला निम्मंही कळत नव्हतं. वही आणायला मी उठलो नाही.