शिट्टी वाजवली होती

त्या मंगळवारी दुपारी भाईंदर स्टेशनच्या अलीकडे बाबांच्या मालगाडीखाली एक बाई आली. बाबांनी ब्रेक लावला. गाडी पुढे जाऊन थांबली. बाबांनी स्टेशनात अपघाताचा लेखी मेमो दिला आणि सिग्नल मिळाल्यावर गाडी नेली. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "आज एक बाई गेली."

बाबा मालगाडीचे ड्रायव्हर होते. मालगाडीला टाइमटेबल नसतं. सकाळ-संध्याकाळ लोकलची गर्दी असते, म्हणून तिला वसईला अडकवून ठेवतात आणि दुपारी जरा मोकळीक मिळाली की सोडतात, मेल आणि फास्ट लोकल जातात त्याच रुळांवरून. रूळ ओलांडणाऱ्यांना लोकलच्या वेळा पाठ असतात; मालगाडी कुणाच्याच ध्यानात नसते. नायगावची खाडी लागली की बाबा शिट्टीवर हात ठेवायचे, तो मीरा रोड मागे पडेपर्यंत काढायचे नाहीत. मागे भरलेल्या वाघिणी असल्या की ब्रेक लावल्यावरही गाडी किती लांब जाऊन थांबते, ते त्यांनी मला एकदा आमच्या गच्चीवरून बोटाने दाखवलं होतं. बोट बेव्हर्ली पार्कच्या इमारती ओलांडून पार पलीकडे गेलं होतं. "इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती घराजवळ आल्यावर," असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "घरी कोण आहे ते ठाऊक आहे ना, म्हणून."

त्या मंगळवारनंतर आई असं काही बोलली नाही.

बाबा रजेवर होते. ते जेवायच्या टेबलाशी बसून राहायचे आणि उजव्या हाताचा तळवा टेबलावर दाबून धरायचे. मध्येच मला विचारायचे, "मी वाजवली होती ना गं?" मी तेव्हा नोकरीवर, शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर घालत होते; मला काय माहीत असणार? इंजिनातला त्यांचा असिस्टंट ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "साहेब, मी शेजारी होतो ना, कान फुटायची वेळ आली होती." ते दोन तास टिकलं. मग पुन्हा तळवा टेबलावर.

इतक्या मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रात्री उठून मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहायचे आणि श्वास ऐकू आला की परत जाऊन झोपायचे. सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचं होतं. त्याच रुळांवरून, तिथूनच. शनिवारी ते आईसमोर मला म्हणाले, "बँकेत जाऊन येऊ, चल."

रिक्षात बसल्यावर ते रिक्षावाल्याला म्हणाले, "मोरवा." मला कळलं. ती बाई मोरवा गावची होती, खाडीची मासळी घेऊन रुळांपलीकडे पूर्वेला विकायला जायची, एवढं त्यांनी स्टेशनातल्या ओळखीच्या माणसाकडून काढलं होतं.

"बाबा, मारतील ते तुम्हाला."

"मी काही सांगणार नाही. नुसता बसून येतो. त्याशिवाय सोमवारी इंजिनात चढता यायचं नाही मला."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "अंकल, मोरवा में किधर?" बाबांना ते माहीत नव्हतं. गावाच्या तोंडाशी उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. कुणीही आम्हाला 'कोण तुम्ही' असं विचारलं नाही. मयताच्या घराचा पत्ता विचारणाऱ्याला कोणी विचारत नाही.

अंगणात ताडपत्री बांधली होती आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात-आठ पुरुष बसले होते. ओट्यावर एक म्हातारी होती, ती त्या बाईची सासू. दारात टेकून उभा होता तो त्या बाईचा मुलगा. असेल तिशीचा, दाढी वाढलेली. बाबा खुर्चीवर बसले आणि खाली बघत राहिले. मी म्हातारीपाशी ओट्यावर टेकले.

"पूर्वेच्या काय तुमी? बिल्डिंगीतल्या?"

"हो आजी. आम्ही त्यांच्याकडून मासे घ्यायचो." भीतीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय घ्याचा?"

"बोंबील."

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "बोंबील तिनं जन्मात विकलं न्हाय. चिंबोऱ्या न् निवट्या. खाडीचंच."

माझे कान तापले. एक माणूस हसला. "आजे, बिल्डिंगीतल्यांना सगलं एकच. मासा म्हंजे मासा."

"ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "आली ना बसाया, मंग झालं."

चहा आला. आता हा चहा झाला की उठायचं, असं मी मनात ठरवलं आणि बाबांकडे पाहून खूण केली. तेवढ्यात मुलगा दारातून बोलला. आमच्याशी नव्हे, असंच, त्या आठवड्यात शंभरदा बोलला असेल तसं.

"शिट्टीपन वाजवली न्हाय त्यानं. मोबाइल बघत असंल भाड्या."

"वाजवली होती," बाबा म्हणाले.

मुलगा दारातून सरळ झाला.

"तुमाला काय म्हाईत?"

मी उठून बाबांची बाही धरली. ती घामाने ओली होती. बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. खाडीच्या पुलापासून शिट्टी चालू होती. शेजारच्या रुळावरून लोकल येत होती. बाईंनी ती पाहिली आणि तिला वाट द्यायला त्या थांबल्या. पण थांबल्या त्या आमच्या रुळात. लोकलच्या आवाजात शिट्टी बुडाली. "मी ब्रेक लावला. गाडी भरलेली होती."

मुलगा पुढे आला. मघाशी हसलेला माणूस उठून मध्ये उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली. मला फक्त मुलाचे हात दिसत होते. ते उघडमीट करत होते. बाबा हलले नाहीत. मला वाटलं, आता संपलं, आणि आईला मी काय सांगणार आहे, बँकेत गेलो होतो म्हणून?

"थांब रं," म्हातारी म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "तिनं बगलं काय तुला?"

"नाही," बाबा म्हणाले. "त्यांची पाठ होती."

"म्हंजे तिला कललं न्हाय."

"नाही कळलं."

म्हातारीने पदर तोंडावर घेतला. मग पदराआडूनच म्हणाली, "आता जावा तुमी. माजा पोर ऐकतोय तवर जावा. न् परत येऊ नका."

आम्ही निघालो. मागून कोणी येतंय का, ते बघायची माझी हिंमत झाली नाही. मुख्य रस्त्याला लागल्यावर बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली आणली. ते प्यायले नाहीत.

"वळली होती ती," ते म्हणाले. "शेवटी वळली. माझ्याकडे बघत होती."

सोमवारी ते कामावर गेले. पुढे रिटायर होईपर्यंत त्यांनी त्याच रुळांवरून गाड्या नेल्या. शिट्टीबद्दल मला पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांची दुपारची ड्युटी असली की मी लायब्ररीत फोन समोर ठेवून बसायचे, आणि तो वाजला की उचलायला घाबरायचे.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. ती बाई वळली होती, हे आता मला एकटीलाच माहीत आहे. आईला मी ते सांगितलेलं नाही. मोरव्याला मी पुन्हा गेलेले नाही.