जंगलात गवत पेरणारा जावई

आमच्या चांदा जिल्ह्यात तेव्हा जंगल एवढं दाट, की वाघसुद्धा वाट विचारत विचारत घरी जायचा. अशा मुलखात मी गवत पेरलं! गावानं हसू नये तर काय करावं?

सगळं बायकोच्या गाईपायी. लग्नात माहेराहून आलेली, आणि बायकोइतकीच मानी. पहिल्याच उन्हाळ्यात वणव्यानं रान काळं झालं आणि गाय अशी वाळली, की तिच्या फासळ्यांवर धोतर वाळत घालावं. सासऱ्यांचा निरोप आला, "पुढच्या वैशाखात येतो. अशीच दिसली तं घेऊन जातो." बायको म्हणाली, "गाय गेली तं मी बी तिच्यासंगं जाईन." आणि ती थट्टा करत नव्हती.

म्हणून दिवाळीनंतर आमच्या बोडीच्या, त्या छोट्या तलावाच्या, आटत्या काठावर मी लसूणघास, ढोरांचा हिरवा चारा, पेरला. शेतीखात्याच्या माणसानं बी देताना सांगितलं होतं, याची मुळं खोल जातात, पाण्याविना तग धरतो. पारावरचा म्हातारा ओरडला, "काऊन बे, आता जंगलात झाडं बी लावतं का?"

शिमगा झाला. सारं रान तांबडं, माझा तुकडा तेवढा हिरवा. मुळं एवढी खोल गेली, की पाताळातल्या बायकांनी त्यांना झोके बांधले असतील.

पण शिमग्यानंतर आमच्याकडे शेतं सगळ्या ढोरांना मोकळी. अडवायची रीत नाही. गावाचा कळप यायच्या आधी मी सगळा घास कापला आणि धानाच्या तणशीसारखा भर उन्हात कडकडीत वाळवला. पेंढ्या बांधायला उचलल्या तर पानं झरझर खाली, हातात नुसत्या काड्या!

"वा! खराटे मस्त होतीन," म्हातारा म्हणाला.

बायकोनं लुगडं खोचून पानन्‌पान झाडून घेतलं, आणि रोज कोंड्यात, पेजेत कालवून गाईला चारलं. आमच्या घरची पेज तेव्हा मला फक्त वासानं ओळखू यायची.

वैशाखात सासरे आले. पाणीही न पिता गोठ्यात शिरले. गाईच्या पाठीवर हात ठेवला तर तो घसरला, अशी तुकतुकीत! मग मला खालून वरपर्यंत न्याहाळून लेकीला म्हणाले, "गाय झ्याक हाय व माय. जावईबापू काऊन वाळले?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. "पानं गाईले देल्ली बाबा. याईच्या वाट्याले काड्या आल्या."

सासरे हसत हसत एकटेच परत गेले.